दीड बोट डावीकडे

९ नोव्हेंबर १९८६
आमच्या छापखान्यात सकाळपासून हँडबिलं. ‘सड्यावर मोटारींची ऑटोक्रॉस स्पर्धा, रविवार १८ जानेवारी. हौशी चालकांनी नावे द्यावीत.’ कागद गुलाबी, कारण एका बारशाच्या आमंत्रणांतून उरला होता.

गेल्या वर्षी याच स्पर्धेवर मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात लिहिलं होतं. शहाणी माणसं मोटारीत बसून कुठेतरी पोचतात. ही माणसं चुन्याच्या रेघांमधून गरागरा फिरून निघाली तिथेच परत येतात, आणि तेही घड्याळ लावून. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींनी रागवायचं सोडून मला सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर नेलं, एका जीपमध्ये बसवलं. “बाई, एक फेरी मारा, मग काय ते लिहा.” मारली. त्यानंतर मी त्या विषयावर अक्षर लिहिलेलं नाही.

हँडबिलाखाली बारीक अक्षरांत नियम, त्यांत एक नवा गट आहे. ‘घरी बांधलेली गाडी. चासी कोणत्याही गाडीची चालेल, मात्र मूळची व अखंड असावी.’ हे जुळवताना हात दोनदा थांबला. वय सत्तेचाळीस. एक प्रत पर्समध्ये.

११ नोव्हें.
य.ला सांगितलं, गाडी बांधून स्पर्धेत उतरणार. गणिताचा मास्तर नवरा असला की बातमी सांगून होत नाही, आधी तोंडी परीक्षा.
“वेग किती?”
“लागेल तेवढा.”
“अपघाताची शक्यता?”
“तुमच्या स्कूटरवर मागे बसण्यापेक्षा कमी.”
त्याने मग आखीव वही काढून पहिल्या पानावर ‘मोटार’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणजे तयार आहे.

१२ नोव्हें.
अन्वरच्या गॅरेजमध्ये. अन्वर अख्ख्या रत्नागिरीच्या गाड्या दुरुस्त करतो आणि प्रत्येक मालकाला वेगळं लागट बोलतो, म्हणून माझं त्याच्याशी पटतं.
“वहिनी, इंजिनाचं मी बघतो. सीट तुम्ही बघा. पण आधी चासी. चासी म्हणजे कणा. बाकी सगळे कपडे.”
“मिळेल?”
“मिळेल की. आपल्याकडची खारी हवा कपडे आधी खाते. कणे उरतात. कधी कधी.”
हे ‘कधी कधी’ त्याने तिसरीकडे बघत म्हटलं.
चासीचा नंबर क्लबला १५ डिसेंबरपर्यंत कळवायचा. नाही कळवला तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी अठ्ठेचाळीस आणि कदाचित शहाणी.

१६ नोव्हें.
पहिलं स्थळ, खेडशीला. जुनी, गोल पाठीची, लोक जिला डुक्कर म्हणतात ती. मालकांनी कोकम सरबत दिलं आणि गाडीच्या घराण्याची माहिती. एका हाती, कायम छपराखाली, कधी आवाज केला नाही वगैरे. अन्वरने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दाराखालच्या पत्र्याला सहज टेकवला. आत गेला. पुढे टेकवला. आत गेला. तिसऱ्यांदा मालकांनीच हात धरला.
बाहेर आल्यावर अन्वर: “वहिनी, या जातीला वेगळी चासी नसतेच. कातडी तोच कणा. आणि कातडी तर तुम्ही बघितलीत.”
“मग आणलंस कशाला?”
“तुम्हाला कळावं म्हणून. आणि त्यांच्याकडचं सरबत फार चांगलं असतं.”

१९ नोव्हें.
दुसरं स्थळ. जीपची नुसती चासी, एका कंत्राटदाराच्या परसात. दोन लांबलचक पोलादी खांब, मध्ये आडव्या पट्ट्या, शिडीसारखी. शिडीवर कोंबड्या. गंज वरवरचा. अन्वरने हातोडी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.
य.ने लांबी-रुंदी मोजून वहीत वर्तुळ काढलं. ही गाडी एका दमात वळायची म्हणजे किती जागा लागेल त्याचं वर्तुळ. पानात मावेना. शेजारच्या पानावर गेलं.
“निम्मी सड्यावर वळेल,” म्हणाला, “उरलेली निम्मी मंडणगडात.”
अन्वर दुखावला. कंत्राटदाराला सांगितलं, कळवते. कोंबड्या हलल्या नाहीत.

२१ नोव्हें.
तिसरं स्थळ आम्हा तिघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नाव कोणी काढत नाही. आमच्याच अंगणात, माडाखाली, ताडपत्रीखाली उभं आहे. आप्पांची जुनी मोटार, हेरल्ड.
हिची चासी वेगळी. वरचा डोलारा नुसत्या बोल्टांवर बसलेला, काढला की सुटला. वजनाला हलकी. वळायला तर अशी, की पाटावर बसलेल्या माणसाने मान वळवावी.
आणि आप्पा. माझे सासरे, निवृत्त शिरस्तेदार, वय चौऱ्याहत्तर. गाडी नऊ वर्षांत रस्त्यावर नाही. दर शनिवारी ताडपत्री काढतात, पुसतात, इंजिन पाच मिनिटं चालवतात, पुन्हा बांधून ठेवतात. का चालवत नाही? “पार्ट मिळत नाहीत.” कोणता पार्ट, हे विचारण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

२३ नोव्हें.
विचारलं.
“नाही.”
“नुसती चासी, आप्पा. वरचं सगळं जपून ठेवू.”
“नाही म्हटलं ना.”
“नऊ वर्षं तुम्ही ती चालवली नाहीत.”
“तू पाट्यावर चटणी वाटून किती वर्षं झाली? म्हणून पाटा मागायला कोणी येतं का?”
मी पंधरा वर्षं लोकांना टोमणे छापून विकते. घरात मात्र दुसऱ्या क्रमांकावरच आहे.

२७ नोव्हें.
अन्वर बोलून बघतो म्हणाला. ओटीवर आप्पांच्या समोर उकिडवा बसला. मी आत, पडद्याआड, छापखान्याची प्रुफं उलटी धरून.
अन्वरने पुष्कळ स्तुती केली. गाडीची, आप्पांच्या निगराणीची, त्या काळच्या पत्र्याची. आप्पा ऐकत होते, म्हणजे खूष होते. मग अन्वर म्हणाला, “फक्त डोलारा उचलायचा, आप्पा. चार बोल्ट इकडे, चार तिकडे, की चासी समोर उघडी.”
आप्पांनी एकदम चष्मा काढला. “उघडी म्हणजे? सगळ्यांना दिसणार?”
“दिसणारच की.”
“तर मग विषय संपला.”
गाडी द्यायला ना नाही, दाखवायला ना आहे. काय आहे त्या गाडीखाली?

२ डिसेंबर
दुपारी छापखान्यातून लवकर आले. अंगणात ताडपत्री अर्धी वर, गाडीखालून दोन पाय बाहेर. धोतर नीट पिंढऱ्यांभोवती गुंडाळलेलं.
“आप्पा?”
“चिमणीचं घरटं झालंय का बघतोय.”
बाहेर आले तेव्हा हातात माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप. चिमणी आता घरटं मापाने बांधत असेल.  

४ डिसें.
जेवताना, कढीचा भुरका मारून झाल्यावर, कोणाकडेही न बघता:
“हसनला बोलवा. त्याने बघून सांगितलं तर घ्या. नाहीतर त्या कोंबड्यांची जीप आणा.”
हसनचाचा राजिवड्यात होड्या बांधतात. आप्पांच्याच वयाचे. मोटारीशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांना तिच्यात उलटी होते.
य.चा घास हातातच. मी कढी वाढली. ती पानाबाहेर.

७ डिसें.
रविवार. लिहिण्यासारखा दिवस, म्हणून सावकाश लिहिते.

सकाळी डोलारा उचलला. अन्वर, त्याच्या गॅरेजमधले चौघे, य., आणि शेजारचे जोशी, जे फक्त सूचना देत होते. तो अंगणात एका बाजूला नेऊन ठेवला. राहिली चासी. चार चाकांवर उभं काळं, किडकिडीत लोखंड. इतकी साधी, की मला ती एकदम आवडली.

चाचा आले. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून खडू लावलेला दोरा काढला, होडीची फळी आखायचा. मागच्या आडव्या पट्टीपासून पुढच्यापर्यंत ताणला, मधोमध. मग पातळी बघायला पाण्याची नळी. मग लाकडी मोगरी घेऊन ठिकठिकाणी ठोकत गेले आणि प्रत्येक ठोक्याला कान लावला. अंगणात कोणी हलेना. जोशीसुद्धा.
“लोखंड निरोगी हाय,” चाचा म्हणाले. “पन बाय, ही होडी सरळ जायाची नाय.”
“म्हणजे?”
“डावी बाजू फुडनं मागं ढकलल्याली. दीड बोट. दगडाला टेकल्याली हाय कधीतरी. जोरात.”
सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा डोलाऱ्याच्या रिकाम्या खिडकीतून समुद्राकडे बघत होते, जो आमच्या अंगणातून दिसत नाही.
“एकाहत्तर साली,” म्हणाले. “गणपतीपुळ्याच्या रस्त्याला. बागेच्या कडेचा चिऱ्याचा गडगा.”
य.: “तुम्ही तर म्हणाला होतात बंपर जुना झाला म्हणून बदलला.”
“झालाच होता जुना. त्या क्षणी.”
“म्हैस आडवी आली?” मी.
आप्पांनी मान हलवली. मग हळूच, कोर्टात कबुलीजबाब वाचतात त्या आवाजात: “पोस्टमास्तरांशी शर्यत लावली होती. त्यांची मोटरसायकल. मी हेरल्ड.”
आप्पा! ज्यांनी मला लग्नानंतर जिना उतरताना पायऱ्या मोजून उतरायला शिकवलं!
“कोण जिंकलं?” अन्वर.
“पोस्टमास्तर गडग्यावरून थेट आंब्याच्या बागेत गेले. कलमात अडकून राहिले. मी निदान रस्त्यावर होतो.” थोडं थांबून: “म्हणजे मीच.”
पहिले चाचा हसले. मग काही विचारू नका. जोशींना पाणी द्यावं लागलं. आप्पा शेवटपर्यंत हसले नाहीत, पण चष्मा तीनदा पुसला.

८ डिसें.
तर ‘पार्ट मिळत नाहीत’ याचा अर्थ हा. नऊ वर्षं एका वाकड्या लोखंडावर ताडपत्री.
आता प्रश्न. चासी वाकडी, म्हणजे गाडी सतत डावीकडे ओढणार.
अन्वर: फणसाला साखळी बांधू, जॅक लावू, ओढून सरळ करू.
चाचा: “ओढशील तर तडकेल. पंदरा वर्सं अशी बसलीय, तिला आता ह्योच आकार ठावा.”
तडकली की ‘अखंड’ राहणार नाही. जोडली की बाद.
य.: जीप.
अन्वर: मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. (म्हणत नव्हता.)
मी चासीवर जाऊन बसले थोडा वेळ, दोन पट्ट्यांच्या मध्ये, जिथे सीट येईल तिथे. हातात नसलेलं स्टिअरिंगचं चाक धरून. जोशींनी कुंपणावरून विचारलं, वहिनी, बरं वाटत नाही का.

१२ डिसें.
कंत्राटदाराचा निरोप, जीपला दुसरं गिऱ्हाईक आहे. रविवारपर्यंत थांबा म्हटलं.

१३ डिसें.
सेक्रेटरी मार्गाचा नकाशा छापायला घेऊन आले. सर्व स्पर्धकांना आजच वाटायचा. कागदावर पहिला ठसा काढून बघितला. मग पुन्हा बघितला. मग य.ला बोलावून दाराला कडी लावली.
सड्यावर एकूण बारा वळणं. य.ने बोटाने मोजली, मग पेन्सिलीने.
“अकरा डावीकडे,” म्हणाला.
“आणि?”
“शेवटचं उजवीकडे.”
छापायचं सोडून आम्ही दोघं शाईच्या हातांनी एकमेकांकडे बघत राहिलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतकं एकाच गोष्टीवर कधी हसलो नव्हतो.

१४ डिसें.
क्लबला चासी नंबर कळवला. हेरल्ड. वाकडी ती वाकडीच राहणार. अन्वरच्या मते हा वेडेपणा. “पण वहिनी, अकरा वळणं नुसतं हात सोडला तरी वळेल ती.” आप्पांची एकच अट: गाडीचं नाक राहू द्यायचं, बाकी हवं ते करा. मान्य.
कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं. कोंबड्यांचं घर वाचलं.

२१ डिसें.
गंज लागू नये म्हणून चाचांनी होडीला लावतात तेच तेल आणलं, काजूच्या टरफलांचं. काळं, चिकट. आधी हातांना खोबरेल चोपडलं आणि मग ब्रश धरला. “उगडा हात नको लावू कोनी.” मी चोपडलं, अन्वरने चोपडलं. य. म्हणाला, मी ब्रशने लावणार, हाताचा संबंध येतोच कुठे. लावलं. घाम आला. घाम हाताने पुसला.

२३ डिसें.
य.चं तोंड पपनसाएवढं. एक डोळा बंद, दुसरा विचारात. तरी वर्गावर गेला. मुलांना वाटलं नवीन मास्तर. डॉक्टरांनी विचारलं, काजू किती खाल्ले? “खाल्ले नाहीत, मोटारीला लावले.” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.
चासी मात्र काळ्या मांजरासारखी चमकतेय.

३ जानेवारी १९८७
डोलारा तयार. डोलारा कसला, डोक्यावर पाण्याच्या पाइपाची जाड कमान, दोन सीटा, मागे काही नाही, पुढे हेरल्डचं ते उघडणारं नाक. जोशी म्हणाले, पुढून लग्नाला चाललेली वाटते, मागून लग्नातून पळालेली.

६ जाने.
सड्यावर पहिला सराव. कातळ, वाळलेलं गवत, दूरवर कोणी नाही. गिअर टाकला, सोडली. गाडी सरळ जायच्या ऐवजी हळूहळू, खात्रीने, डावीकडे निघाली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा. तीच जाळी.
आप्पा छत्री घेऊन कातळावर बसले होते. आले.
“तू तिला आज्ञा करतेयस. ही आज्ञा ऐकत नाही. उजव्या हाताने सारखं थोडं थोडं मागत राहायचं. ती देणार नाही. तरी मागायचं.”
“तुम्ही कशी चालवलीत?”
“सहा वर्षं तशीच. उजवा खांदा मागे, पाठ ताठ, नाहीतर सुटते. लोक म्हणायचे, शिरस्तेदार मोटारीत किती रुबाबात बसतात.”
सहा वर्षं मीही तेच म्हणत होते. एकदा सदरात लिहिलंसुद्धा होतं, नाव न घालता. रुबाब कसला. माणूस गाडी रस्त्यावर ठेवत होता.

१० जाने.
डावी वळणं! वाक्य पूर्ण करता येत नाही. चाक नुसतं सैल सोडायचं आणि ती स्वतःच्या शेपटीभोवती फिरते, मागे लाल धूळ, आणि मी गाडीत मोठ्याने ओरडते, ज्याला सत्तेचाळीसाव्या वर्षी परवानगी लागते असं मला वाटत होतं. नाही लागत.
अन्वर टोपी उडवतो. य. घड्याळ दाबायला विसरतो, मग अंदाजे सांगतो, गणिताचा मास्तर!
उजवं वळण: नाही. वळणाची खूण म्हणून ठेवलेला ड्रम दहापैकी नऊदा पाडला.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन पुन्हा सड्यावर. उजवं वळण अजून नाही. आप्पांना म्हटलं, एकदा नीट सांगा तरी.
“सांगता येत नाही. हाताला माहीत आहे.”
“मग हाताने दाखवा.”
माझ्याकडे बघितलं. चाकाकडे बघितलं. तिळाचा लाडू तोंडात टाकला. “नको. नऊ वर्षं झाली.” पण लाडू संपेपर्यंत नजर चाकावरच होती.

१७ जाने.
गाड्यांची तपासणी. तपासनीस कोल्हापूरचे, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “बाई, चासी वाकडी आहे.”
मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढे. हातात गुलाबी हँडबिल.
“नियम वाचा.”
“आजोबा, पण...”
“‘मूळची व अखंड असावी.’ मूळची आहे. अखंड आहे. ‘सरळ’ कुठे लिहिलंय ते दाखवा.”
तपासनिसांनी दोनदा वाचलं. हँडबिल उलटूनही बघितलं. शिक्का मारला. आप्पांनी चौतीस वर्षं कोर्टात काढली, पण त्यांचा इतका खूष चेहरा मी कधी बघितला नव्हता. घरी येईपर्यंत तोच नियम पुटपुटत होते. मग पुढचेही नियम वाचत बसले, भिंगातून.

१८ जाने., सड्यावर
वही घरी राहिली. हँडबिलाच्या पाठीवर लिहितेय.
पहिली फेरी झाली. अकरा वळणं, देवाशपथ, अशी घेतली की अकराव्याला लोक उभे राहिले. कर्ण्यावरचा माणूस ओरडायला लागला, “बघा बघा बाई बघा!” बारावं, उजवं. मागितलं. दिलं नाही. ड्रम थेट सेक्रेटरींच्या पायाशी. दंडासकट तिसरा नंबर. ड्रम पडला नसता तर पहिला. य.ने चारदा आकडेमोड केली, चारही वेळा पहिला.
दुसरी फेरी चार वाजता. दोन्हींत जी चांगली ती धरणार.

साडेतीन. मी अन्वरच्या डब्यातली कोळंबी खात होते. आप्पा आले, भिंगासकट.
“कलम सात. गाडी एक असली तरी फेरीगणिक चालक बदलता येतो. परवाना हवा.”
“मग?”
खिशातून परवाना काढला. नवा करून घेतलेला, मुदत पुढची दोन वर्षं. कधी केला, कोणाला पत्ता नाही. डोळे डॉक्टरांनी तपासल्याचं पत्रही सोबत, घडी घालून.
“मी नुसतं नियमात काय आहे ते सांगतोय,” म्हणाले. “चालक तू आहेस.” आणि गेले.

चाराला पाच कमी. आमच्या आधी अजून तीन गाड्या. मला ही फेरी हवीय. इतकी, की कोळंबीचा डबा अर्धा खाऊन बंद केला. ते उजवं वळण मला या जन्मात एकदा घ्यायचंय.
य. घड्याळाला चावी देतोय. अन्वर पुसलेलाच पाना पुन्हा पुसतोय. चाचा मोटारीपासून लांब, दगडावर, पण मान वर करून बघतायत.
चार वाजले, एक गाडी सुटली. आता दोन.
मान वळवली तर आमच्या गाडीत, उजव्या बाजूला, चालकाच्या जागी, आप्पा बसलेत. कधी चढले कळलं नाही. इंजिन बंद. हात चाकावर. उजवा खांदा मागे, पाठ ताठ.
खाली उतरा म्हणून मी सांगावं, अशा अपेक्षेने सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. हेल्मेट माझ्या मांडीवर आहे.
त्यांच्या डोक्याला बसतं का, तेवढं बघून येते.